पाठलाग पुरे, वह्या दाखवा: शस्त्र-तपासणीवर माहितीपट काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय शस्त्र-तपासणीवर माहितीपट काढणारे दिग्दर्शक, त्यांचे संकलक, आणि असे माहितीपट निवडणारे वाहिन्यांचे व महोत्सवांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या माहितीपटांची सुरुवात मला आता पाठ झाली आहे. पांढऱ्या गाड्यांची रांग, दारांवर काळ्या अक्षरांत ‘यूएन’, मागे धुळीचा लोट आणि त्या लोटात पत्रकारांच्या गाड्या. मग लोखंडी फाटक. फाटकाशी गणवेशातला कुणीतरी, भिंगावर आडवा आलेला हात, खाली घुमणारं संगीत. निवेदक खर्जातल्या आवाजात विचारतो की या भिंतींआड काय दडलं होतं. दीड तासाने कळतं की इराकच्या बाबतीत २००३ साली तिथे अस्त्रांचे साठे दडलेलेच नव्हते. तोवर श्रेयनामावली सुरू झालेली असते. साठे नव्हते तर एवढ्या शहाण्या माणसांना ते आहेत असं का वाटलं, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

मी व्यवसायाने लेखापरीक्षक. वहीतला माल आणि गोदामातला माल जुळतो का हे बघण्यात माझी नोकरी गेली. आता निवृत्त आहे. या विषयावरचा माहितीपट दिसला की मी बघतोच, कारण शस्त्र-तपासणी म्हणजे मुळात साठा-पडताळणी. माल भयंकर असतो आणि चुकीची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते, एवढाच काय तो फरक. तुमच्या कष्टांबद्दल आदर ठेवून सांगतो: तुम्ही कॅमेरा फाटकावर लावता आणि घटना वहीत घडत असते.

पाठलाग झालेच नाहीत असं माझं म्हणणं नाही. जून १९९१ मध्ये इराकमधल्या फलुजाजवळ निरीक्षकांनी पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं, तेव्हा मालमोटारींचा ताफा लष्करी तळाबाहेर सटकताना दिसला. त्यांनी पाठलाग केला, इराकी सैनिकांनी हवेत गोळ्या झाडल्या, तरी लादलेल्या अवजड यंत्रभागांचे फोटो मिळाले. ते भाग कॅल्युट्रॉनचे होते. युरेनियम समृद्ध करण्याची ही विद्युतचुंबकीय पद्धत अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात वापरून पुढे सोडून दिली होती. ती कुणी पुन्हा उकरून काढेल असं फारसं कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्याच सप्टेंबरात बगदादमधल्या एका वाहनतळावर ४४ निरीक्षक चार दिवस अडकून पडले. पथकप्रमुख डेव्हिड के उपग्रह-फोनवरून जगभरच्या पत्रकारांशी बोलत होते. हे नाट्य अस्सल आहे, दाखवायलाच हवं. पण त्या वाहनतळावर भांडण कशावरून चाललं होतं? अणुकार्यक्रमाचे कागद निरीक्षकांच्या हाती लागले होते आणि ते परत करायला त्यांनी नकार दिला होता. चार दिवस उन्हात बसली ती माणसं फायलींसाठी बसली.

तपासणीची रचना आधी प्रेक्षकाला नीट सांगा. कुवेतवरून झालेल्या युद्धात इराक हरल्यावर, एप्रिल १९९१ मधल्या सुरक्षा परिषदेच्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने त्याला अट घातली: रासायनिक अस्त्रं, जैविक अस्त्रं आणि १५० किलोमीटरपेक्षा जास्त पल्ल्याची क्षेपणास्त्रं, जे काही असेल ते जाहीर करा आणि आमच्या देखरेखीखाली नष्ट करा. या कामासाठी ‘अनस्कॉम’ हा आयोग नेमला गेला, स्वीडनचे रॉल्फ एकियस त्याचे पहिले प्रमुख. अणूची बाजू व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे. म्हणजे यादी द्यायची इराकने, ताडून बघायची निरीक्षकांनी. शोधून काढण्याची जबाबदारी त्यांची मुळात नव्हतीच. ती त्यांच्यावर येऊन पडली, कारण यादी खोटी होती.

आणि मग १९९१ चा उन्हाळा आला. इराकने यादीतून वगळलेला बराच माल गुपचूप स्वतःच संपवला. क्षेपणास्त्रं फोडली, बॉम्ब पुरले, रसायनं आणि जंतूंचे द्राव ओतून दिले. एकही निरीक्षक तिथे नव्हता. धड नोंदी ठेवल्या नाहीत. ज्या होत्या त्यांतल्या किती खऱ्या आणि किती नंतर बेतलेल्या, हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. पुढच्या मार्चमध्ये इराकने सांगितलं की आम्ही हे हे नष्ट केलं आहे, विश्वास ठेवा. आमच्या धंद्यात मोडका पंखा निकाली काढायचा तरी समिती बसते, पंचनामा होतो, मगच निर्लेखन. इथे अख्ख्या अस्त्रसाठ्याचं निर्लेखन पंचनाम्याशिवाय झालं. पुढच्या बारा वर्षांच्या संशयाचं मूळ बऱ्याच अंशी या एका उन्हाळ्यात आहे, आणि तुमच्या माहितीपटांत त्याच्या वाट्याला निवेदनाची दोन वाक्यं येतात. दृश्य नाही म्हणून.

दृश्य आहे. खड्डे आहेत. निरीक्षकांनी इराकमध्ये किती खोदकाम केलं याची तुमच्या प्रेक्षकाला कल्पनाच नसते. एकच उदाहरण घ्या. सोव्हिएत संघाने इराकला ८१९ स्कड-बी क्षेपणास्त्रं विकली होती. निरीक्षकांनी ठरवलं की एकूण एक क्षेपणास्त्राचा माग काढायचा. इराणवर किती डागली, १९९१ च्या युद्धात इस्रायल आणि सौदी अरेबियावर किती गेली, चाचण्यांत आणि प्रशिक्षणात किती खर्ची पडली, देखरेखीखाली किती मोडली आणि त्या उन्हाळ्यात गुपचूप किती. शेवटच्या रकान्यासाठी जमिनीतून गंजलेली इंजिनं आणि तुकडे वर काढायचे, क्रमांक वाचायचे, मूळ नोंदीशी ताडायचे. अखेरीस ८१९ पैकी ८१७ चा हिशेब लागला. नोकरीत मी शंभर टक्के जुळलेला साठा क्वचितच पाहिला, आणि पाहिला तेव्हा मला संशय आला. परक्या देशात, खोटं बोलणाऱ्या यजमानासमोर, बॉम्बफेक झालेल्या जमिनीत ८१७ पर्यंत पोहोचणं हा पराक्रम आहे. यावर एक तासाचा माहितीपट कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट जंतूंच्या खाद्याची. ही तर रहस्यकथा आहे, आणि तिच्यात एकही बंदूक नाही. १९९५ च्या सुमारास अनस्कॉमच्या जैविक पथकाला परदेशी पुरवठादारांच्या कागदांवरून कळलं की इराकने १९८८ च्या आसपास सुमारे ३९ टन संवर्धन-माध्यम आयात केलं आहे. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला लागतो तो हा खुराक. इराक म्हणाला, रुग्णालयांसाठी मागवलं. पथकाने रुग्णालयांची गरज काढली, तर साऱ्या देशाचा खप वर्षाला २०० किलोच्याही खाली. बरं, रुग्णालयांना हा पदार्थ छोट्या डब्यांत लागतो, कारण उघडला की तो लवकर खराब होतो. इराकने मागवला तो २५ ते १०० किलोच्या पिंपांत. मग उत्तर आलं की बराचसा माल प्रांतांत पाठवला होता, तो १९९१ च्या दंगलींत गेला. टनांनी माल गायब होण्याची अशी कारणं ऐकत माझे केस पिकले. १ जुलै १९९५ रोजी इराकने कबूल केलं की होय, आमचा आक्रमक जैविक अस्त्रांचा कार्यक्रम होता. पशुखाद्याचा कारखाना म्हणून दाखवला जाणारा अल-हकम हा त्याचा मुख्य अड्डा. १९९६ मध्ये अनस्कॉमच्या देखरेखीखाली तो जमीनदोस्त झाला.

तो स्फोट तुम्ही दाखवता. पिंपाचा आकार दाखवत नाही. अल-हकम पडला तो पिंपाच्या आकारामुळे.

कबुलीनंतर महिन्याभराने, ऑगस्ट १९९५ मध्ये, सद्दामचे जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळून गेले. हा माणूस शस्त्रकार्यक्रमाचा सर्वेसर्वा होता. घाबरलेल्या राजवटीने निरीक्षकांना एका कोंबड्यांच्या फार्मवर नेलं आणि कागदांनी भरलेल्या पेट्या दाखवल्या: पाच लाखांहून अधिक पानं, सगळा दोष कामेलवर. हा प्रसंग तुम्हा सगळ्यांना फार आवडतो, आणि का आवडू नये. पण कामेल यांनी अम्मानमध्ये निरीक्षकांना आणखी एक सांगितलं होतं: अस्त्रं नष्ट करण्याचा हुकूम मीच दिला आणि सगळी नष्ट झाली. लपवाछपवीचा पुरावा म्हणून त्यांच्या पलायनाचा दाखला नेते जाहीर भाषणांत देत राहिले. त्यांच्या तोंडचं हे दुसरं वाक्य लोकांसमोर आलं फेब्रुवारी २००३ मध्ये, युद्धाला महिनाही उरला नव्हता तेव्हा. कामेल १९९६ मध्येच इराकला परतले होते आणि काही दिवसांत मारले गेले होते. एकाच साक्षीदाराच्या जबानीचं अर्धं पान वाचून दाखवायचं हे आमच्याकडे चालत नाही. तुमच्याकडेही चालू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जुलै १९९८ मध्ये इराकी हवाई दलाच्या मुख्यालयात एका निरीक्षक बाईंच्या हाती एक कागद लागला आणि यजमानांनी तो लगेच काढून घेतला. चार वर्षांनी, नोव्हेंबर २००२ अखेर, इराकने तो सुपूर्द केला. त्यानुसार १९८३ ते १९८८ या काळात हवाई दलाने १३,००० रासायनिक बॉम्ब टाकले. इराकने आधी जाहीर केलेला आकडा होता १९,५००. तफावत ६,५०० बॉम्बची, म्हणजे सुमारे १,००० टन रसायन. अनस्कॉमच्या जागी तोवर आलेल्या ‘अनमोव्हिक’ या आयोगाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी २७ जानेवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत हे जसंच्या तसं मांडलं. लेखापरीक्षकाने मांडायला हवं तसंच: वहीत इतकं, कागदात इतकं, फरक इतका.

आणि बाहेर त्या फरकाचा साठा झाला. वजाबाकीचं उत्तर गोदामात जाऊन बसलं. हजार टन ‘सापडत नाहीत’ याचं ‘आहेत’ व्हायला एक पत्रकार परिषद पुरली. ब्लिक्स यांनी १४ फेब्रुवारीला परिषदेत पुन्हा सांगितलं की हिशेब लागत नाही म्हणून ती अस्त्रं अस्तित्वात आहेत अशा निष्कर्षावर उडी मारू नका, नसतीलच असंही मी म्हणत नाही. इतकं सावध वाक्य ठळक मथळ्यात बसत नाही, तुमच्या प्रोमोतही बसत नाही. तुम्ही सगळे दाखवता ते ५ फेब्रुवारीचं दृश्य, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी अँथ्रॅक्स या जीवघेण्या जंतूच्या पुडीचा नमुना म्हणून बोटांत धरलेली ती छोटी कुपी. प्रत्येक माहितीपटात असते. एकदा दोन्ही दृश्यं शेजारी शेजारी लावा, ९ दिवसांच्या अंतराने, आणि संगीत बंद ठेवा.

तुमच्यापैकी कुणीच विचारलेला दिसला नाही असा प्रश्नही याच आकड्यात आहे. सगळं जग ६,५०० च्या मागे लागलं होतं. वहीतल्या खर्चाच्या रकान्यातल्या १३,००० चं काय? ते बॉम्ब कुठे खर्ची पडले? इराण-इराक युद्धात, माणसांवर. मार्च १९८८ मध्ये इराकमधल्याच हलाब्जा या कुर्द गावात सुमारे ५,००० कुर्द माणसं मेली. इराणात विषारी वायूने फुप्फुसं जळालेली माणसं नंतर अनेक दशकं खोकत जगली. त्या बॉम्बचा हिशेब चोख लागत होता, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी भांडलं नाही. ते पडत होते तेव्हा परिषदेने निरीक्षक इराकच्या कारखान्यांत पाठवले नव्हते, आणि कच्चं रसायन व यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांत युरोपातल्या कंपन्याही होत्या. डिसेंबर २००२ मध्ये इराकने सुमारे १२,००० पानांचं घोषणापत्र दिलं, तेव्हा त्याची पूर्ण प्रत पाच स्थायी सदस्यांना मिळाली आणि दहा निवडून आलेल्या सदस्यांना काटछाट केलेली. अस्त्र कसं बनवायचं ते पसरू नये, हे कारण रास्तच. पण परदेशी पुरवठादारांची नावंही त्या काटछाटीत गेली. माहितीपटवाल्यांनी जिथे पहार लावायला हवी ती ही जागा.

हिशेब का लागला नाही, याची उत्तरं युद्धानंतर मिळाली आणि ती मानवी आहेत. अमेरिकेनेच नेमलेल्या इराक सर्व्हे ग्रुपचे प्रमुख चार्ल्स डल्फर पूर्वी अनस्कॉमचे उपप्रमुख होते. २००४ च्या त्यांच्या अहवालाने सांगितलं की साठे नव्हते, १९९१ नंतर ते नष्ट झाले होते. त्या तपासातला एक तपशील मी विसरू शकत नाही. इराक सांगत होता त्याहून अँथ्रॅक्सचा हिशेब वेगळा निघायचा आणि जैविक कार्यक्रमातली माणसं त्यावर गप्प बसायची. कारण त्यांनी निष्क्रिय केलेला द्राव सद्दामच्या एका राजवाड्याच्या अगदी जवळ ओतला होता, आणि हे कळलं तर आपली धडगत नाही अशी त्यांना भीती होती. निरीक्षकांना वाटलं ही माणसं जगापासून काहीतरी लपवत आहेत. ती लपवत होती आपल्याच मालकापासून. प्रत्येक लेखापरीक्षकाला हा अनुभव येतो: फरक दिसतो आणि आपण चोर शोधत बसतो, प्रत्यक्षात एखादा कारकून साहेबाला घाबरून गप्प असतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही अर्धं पान वाचल्यासारखं होईल. २००४ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकी सैनिकांना इराकमध्ये सुमारे ५,००० जुने रासायनिक तोफगोळे, रॉकेटं आणि बॉम्ब सापडले. काही सैनिकांना त्यांची बाधाही झाली. सगळे १९९१ पूर्वीचे, गंजलेले, पुरलेले किंवा विसरलेले. ज्यासाठी युद्ध केलं तो चालू कार्यक्रम त्यात नव्हता, पण शून्यही नव्हतं. ‘काहीच नव्हतं’ असं सुटसुटीत वाक्य निवेदनात घालणाऱ्यांनी हेही पडद्यावर आणावं.

एक दुरुस्ती मात्र मी आग्रहाने मागतो, कारण ही चूक अजूनही उपशीर्षकांत दिसते. डिसेंबर १९९८ मध्ये इराकने निरीक्षकांना हाकललं नाही. अनस्कॉमचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड बटलर यांनी त्यांना बाहेर काढलं, कारण अमेरिका आणि ब्रिटनची बॉम्बफेक सुरू होणार होती. १६ डिसेंबरला ते निघाले, त्याच रात्री बॉम्ब पडायला लागले, चार दिवस पडले. त्याआधी इराकने सहकार्य तोडलं होतं हे खरं, आणि नंतर पुन्हा येऊ दिलं नाही हेही खरं. पण हाकललं म्हणणं खोटं. पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रांत आलं की अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेने अनस्कॉमच्या आडून स्वतःची हेरगिरी चालवली होती. इराक आधीपासून तेच ओरडत होता. खोटारड्याचा एखादा आरोप खरा निघतो तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान प्रामाणिक तपासनिसाचं होतं. अनस्कॉमचं दुकान त्यानंतर उठलंच. १९९९ च्या अखेरीस ठराव १२८४ ने त्याच्या जागी ‘अनमोव्हिक’ आणलं, ज्याचे निरीक्षक स्वतःच्या सरकारच्या नव्हे तर संयुक्त राष्ट्रांच्या पगारावर असत.

पगाराचा विषय निघालाच आहे तर तुमच्या पैशांबद्दलही बोलू. अनस्कॉमचे एक मुख्य निरीक्षक स्कॉट रिटर यांनी ऑगस्ट १९९८ मध्ये राजीनामा दिला, तो अमेरिका आणि परिषद पुरेशा कणखर नाहीत म्हणून. दोन वर्षांनी ते कॅमेरा घेऊन बगदादला गेले आणि इराक जवळजवळ निःशस्त्र झालेला आहे असा माहितीपट त्यांनी काढला. त्यासाठी इराकी वंशाच्या एका अमेरिकी उद्योजकाने सुमारे ४ लाख डॉलर दिले. रिटर यांनी ते लपवलं नाही. या पैशांवरून त्यांना झोडपलं गेलं, आणि हितसंबंधांचा प्रश्न विचारणं योग्यच होतं. गंमत अशी की निष्कर्ष त्यांचाच सत्याच्या जवळ निघाला. उलट, ज्यांच्या पैशांवर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं अशा मोठमोठ्या वाहिन्या कुपीच्या मागे धावल्या. यावरून पैशांचा स्रोत बिनमहत्त्वाचा ठरत नाही. तो सांगितला की प्रेक्षक स्वतः वजन करू शकतो, एवढंच. आणि पैसा म्हणजे फक्त रोख नव्हे. उपग्रहाचं छायाचित्र कोणत्या सरकारने दिलं, कारखान्यात शूटिंगची परवानगी कुणी दिली, मुलाखतीच्या वेळी खोलीत अजून कोण उभं होतं, हेही भांडवलच आहे. ते पडद्यावर त्या त्या दृश्याखाली यावं. शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत धावत गेलेल्या नावांना मी प्रकटीकरण मानत नाही.

इराकी माणसांना तुम्ही बोलू देत नाही, हीसुद्धा माझी तक्रार आहे. निरीक्षक प्रत्येक माहितीपटात येतात: निवांत खोली, पुस्तकांचं कपाट, विचारपूर्वक आलेली वाक्यं. समोरच्या बाजूचे लोक मात्र फाटकावरच्या त्या हाताएवढेच. आमेर अल-सादी हे इराकच्या बाजूने निरीक्षकांशी वाटाघाटी करणारे शास्त्रज्ञ. एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडल्यावर त्यांनी जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीचं पथक सोबत घेऊन अमेरिकी सैन्यापुढे शरणागती पत्करली आणि कॅमेऱ्यासमोर सांगितलं की अस्त्रं नाहीत, काळच हे दाखवून देईल. ज्या माणसाने वर्षानुवर्षं अर्धसत्यं सांगितली, तो खरं सांगायला लागतो तेव्हा त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्याला ते ठाऊक असतं. एवढं जबरदस्त पात्र तुम्हाला कुठे मिळणार?

तुलनेसाठी दक्षिण आफ्रिकेवर कुणीतरी माहितीपट काढा. मार्च १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लार्क यांनी संसदेत जाहीर केलं की आमच्याकडे सहा अणुबॉम्ब होते आणि आम्ही ते मोडून टाकले. म्हणजे त्यांनीही इराकचंच पाप केलं होतं: निरीक्षक यायच्या आत गुपचूप मोडतोड, वर धोरणाचे कागद आणि आराखडे नष्ट. तरीही तिथे हिशेब जुळला. अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना युरेनियम समृद्ध करणाऱ्या कारखान्याच्या जुन्या कामकाजाच्या वह्या मिळाल्या, तो कारखाना चालवणारी माणसं बोलायला मिळाली, आणि किती युरेनियम आत गेलं, किती समृद्ध झालं, किती वाया गेलं याचा मेळ त्यांनी घातला. कलहारी वाळवंटात चाचणीसाठी खणलेल्या विहिरी त्यांच्या डोळ्यांसमोर काँक्रीटने बुजवल्या गेल्या. कुणी कुणाचा पाठलाग केला नाही. तपासणी यशस्वी झाली की ती कंटाळवाणी असते, आणि तो कंटाळा पडद्यावर रंगवून दाखवणं हे तुमचं कसब.

सीरियाबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं, ओके सेलस्ट्रॉम यांचं पथक आधीच्या घटनांच्या चौकशीसाठी दमास्कसमध्ये आलेलं असतानाच शहरालगतच्या घौटामध्ये सारिन या विषारी रसायनाचा हल्ला झाला. पुढे त्यांच्या गाडीवर गोळीबारही झाला; तो तुम्ही दाखवालच. पण त्यांना नेमून दिलेलं काम ‘रासायनिक अस्त्र वापरलं गेलं का’ एवढंच ठरवण्याचं होतं, ‘कुणी वापरलं’ हे सांगण्याची त्यांना मुभा नव्हती, हेही सांगा. नाहीतर प्रेक्षकाला वाटतं की ही माणसं भित्री होती.

सगळंच दाखवा असं मात्र मी म्हणणार नाही. अनमोव्हिकचं काम जून २००७ मध्ये सुरक्षा परिषदेने अधिकृतपणे संपवलं आणि त्याच्या दप्तरातला संवेदनशील भाग बंद ठेवला. त्यात अस्त्र बनवण्याच्या कृती आहेत. त्या उघड झाल्या नाहीत म्हणून तुमच्यापैकी कुणी ‘जगापासून दडवलेलं सत्य’ असं भित्तिपत्रक काढू नये. उघड असलेलंच अजून कुणी धड वाचलेलं नाही. तिमाही अहवाल आहेत, परिषदेतल्या भाषणांची इतिवृत्तं आहेत, अनमोव्हिकने जाता जाता काढलेला हजारावर पानांचा संग्रह आहे. नोव्हेंबर २००२ ते मार्च २००३ या पावणेचार महिन्यांत ४११ ठिकाणी ७३१ तपासण्या झाल्या. अल-सामूद-२ हे क्षेपणास्त्र ठरलेल्या १५० किलोमीटरच्या पलीकडे जातं असं ठरलं आणि १ मार्चपासून ती फोडायला सुरुवात झाली. सुमारे ७० फुटलीसुद्धा. तपासणी चालत होती. १८ मार्चला निरीक्षकांना बाहेर पडावं लागलं. ते किती पुढे पोहोचले होते आणि अजून काही महिने मिळाले असते तर कोणकोणते रकाने भरले असते, याचं उत्तर त्या अहवालांत बऱ्यापैकी सापडतं. तेवढाच एक माहितीपट काढा. त्यात फाटक एकदाच येऊ दे.

तुमच्यापैकी कुणी खरंच असं काही करायला घेतलं, तर वह्या वाचायला मी बसेन. मानधन नको. श्रेयनामावलीत माझं नाव आलं नाही तरी चालेल. पैसा कुणाचा होता आणि चित्रफिती कुणी दिल्या, हे मात्र सुरुवातीलाच आणि वाचता येईल अशा अक्षरांत लिहा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक